प्रश्न तुमचे : गल्ल्यातल्या बिलांपासून बिग डेटापर्यंत

या महिन्यात सोलापूर शहर-जिल्ह्यातून आलेल्या पत्रांचा सूर बराचसा एकच होता : दुकान, कारखाना, बाजार समिती आणि मोबाइल यांत जी माहिती साठत जाते ती कोण वापरतो, कशी वापरतो आणि आपल्या हाती त्यातले काय लागते? सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून सहा प्रश्न घेतले आहेत. उत्तरांतले हिशेबाचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मांडलेले आहेत. ते कोणा एका दुकानाचे किंवा कारखान्याचे नाहीत.

प्रश्न : मधल्या मारुतीजवळ आमचे किराणा दुकान आहे. रोज अडीचशेच्या आसपास बिले होतात आणि चार वर्षांची बिले कॉम्प्युटरमध्ये आहेत. एक सॉफ्टवेअरवाला म्हणतो, ‘तुमच्याकडे बिग डेटा आहे, त्यातून धंदा वाढवून देतो.’ खरेच काही निघते का?

निघते, पण त्याला बिग डेटा म्हणायचे कारण नाही. रोज २५० बिले, प्रत्येक बिलात सहा जिनसा म्हणजे दिवसाला १,५०० ओळी, वर्षाला साधारण ५ लाख ४० हजार आणि चार वर्षांत २१ लाख ६० हजार. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. म्हणजे तुमची सगळी बिले तीन शीटमध्ये बसतात आणि साध्या लॅपटॉपवरचा डेटाबेस ती सहज पेलतो. बिग डेटा हा शब्द लागतो तो एका यंत्रात मावणार नाही इतक्या आणि इतक्या वेगाने येणाऱ्या माहितीला. देशातल्या यूपीआय व्यवहारांची संख्या ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्यांदा महिन्याला २,००० कोटींच्या वर गेली. तो बिग डेटा. तेव्हा ‘बिग’ या शब्दाचे वेगळे पैसे मोजू नका.

पहिले काम साफसफाईचे, आणि सर्वांत जास्त वेळ तिथेच जातो. एकच जिन्नस ‘शेंगदाणे’, ‘शेंगदाणा’, ‘शेंगा दाणे नं. १’ अशा तीन नावांनी चढवलेली असेल, तर कॉम्प्युटरच्या लेखी त्या तीन जिनसा. प्रत्येक जिनसेला एकच कोड द्या. रद्द झालेली बिले आणि परत आलेला माल वेगळा काढा. ‘किरकोळ’ नावाखाली घाईत ठोकलेल्या ओळी किती आहेत तेही मोजा. दहा टक्क्यांच्या वर असतील, तर आधी काउंटरवरची सवय बदला, विश्लेषण नंतर.

मग येतो ‘कशाबरोबर काय जाते’ हा हिशेब. राकेश अग्रवाल आणि रामकृष्णन श्रीकांत यांनी १९९४ मध्ये मांडलेली अप्रायोरी नावाची पद्धत यासाठी आजही वापरतात. या हिशेबाची तीन मापे कागदावरही काढता येतात. समजा १०,००० बिले आहेत. त्यांपैकी १,२०० मध्ये शेंगदाणे, १,५०० मध्ये गूळ आणि ४२० मध्ये दोन्ही. दोन्ही असलेली बिले ४.२ टक्के, हा सपोर्ट. शेंगदाणे नेणाऱ्यांपैकी गूळही नेणारे ४२० भागिले १,२००, म्हणजे ३५ टक्के, हा कॉन्फिडन्स. एरवी गूळ १५ टक्के बिलांतच असतो. ३५ भागिले १५ म्हणजे २.३३, ही लिफ्ट. लिफ्ट १ च्या आसपास असेल तर दोन जिनसांचा संबंध नाही, १ च्या जितकी वर तितका संबंध घट्ट. नुसता कॉन्फिडन्स दाखवणाऱ्यापासून सावध राहा. साखर बहुतेक बिलांत असते, त्यामुळे कोणत्याही जिनसेबरोबर ‘साखर जाते’ असे दिसणारच.

आता यातली फसगत बघा. त्या १०,००० पैकी १,००० बिले संक्रांतीच्या पंधरवड्यातली आहेत असे धरू. त्यांत शेंगदाणे ४००, गूळ ६०० आणि दोन्ही ३००. इथे कॉन्फिडन्स ७५ टक्के, पण गूळ मुळातच ६० टक्के बिलांत आहे, म्हणून लिफ्ट फक्त १.२५. उरलेल्या ९,००० बिलांत शेंगदाणे ८००, गूळ ९०० आणि दोन्ही १२०. कॉन्फिडन्स १५ टक्के, गूळ १० टक्के, लिफ्ट १.५. दोन्ही काळांत संबंध बेताचाच, पण बिले एकत्र केली की २.३३! हा आकडा शेंगदाणे-गुळाच्या जोडीने दिलेला नाही, तो संक्रांतीने फुगवलेला आहे. त्यावर विसंबून जूनमध्ये गूळ पुढच्या फळीवर मांडला तर तो पाघळून जाईल. म्हणून सणाचे पंधरवडे वेगळे काढूनच ही मापे काढायची.

दुसरा उपयोग माल किती भरायचा हे ठरवण्याचा, आणि आमच्या मते दुकानदाराचा खरा पैसा इथे वाचतो. बाजारातली बरीच तयार सॉफ्टवेअर ‘गेल्या वर्षी याच तारखेला’ अशी तुलना करतात. आपले सण तारखेने चालत नाहीत. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती पुन्हा १४ सप्टेंबरला. आषाढी एकादशी या चार वर्षांत २९ जून, १७ जुलै, ६ जुलै आणि २५ जुलै अशी हलते. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. तारखेवर चालणारे सॉफ्टवेअर मोदकाच्या पिठाची मागणी अकरा ते अठरा दिवस चुकवते : सण अलीकडे आला तर माल उशिरा येतो आणि सणानंतर पडून राहतो, सण लांबला तर माल फार आधी येतो. उपाय सोपा आहे : बिलांच्या तक्त्यात ‘पुढच्या सणाला किती दिवस’ असा एक रकाना वाढवा आणि तुलना त्या रकान्यावर करा. संक्रांत आणि तिला लागून येणारी सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा सौर गणितावर असल्याने जानेवारीच्या मध्यावरच राहते. तेवढ्यापुरती तारखेची तुलना चालते.

प्रश्न : प्रत्येक दुकानात बिलाच्या वेळी मोबाइल नंबर मागतात. द्यावाच लागतो का?

नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच विक्रेत्यांना कळवले आहे की, नंबर दिला नाही म्हणून माल किंवा बिल अडवायचे नाही. घरपोच माल किंवा वॉरंटी हवी असेल तेव्हा नंबर द्यायला हरकत नाही.

नंबराला इतके महत्त्व का, तेही समजून घ्या. तुम्ही क्यूआर स्कॅन करून पैसे दिलेत, तर पेमेंट कंपनीला रक्कम, वेळ आणि देणारा कळतो. पिशवीत काय होते ते कळत नाही. दुकानाच्या कॉम्प्युटरला पिशवी कळते, माणूस कळत नाही. नंबर सांगितला की दोन्ही वह्या एकमेकींना जोडता येतात. पुढच्या बऱ्याच उत्तरांची मेख इथेच आहे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य जबाबदाऱ्यांसाठी व्यवसायांना १८ महिन्यांची मुदत आहे. त्यानंतर कशासाठी घेतो ते सांगूनच माहिती घ्यावी लागेल आणि दिलेली संमती मागेही घेता येईल. तोवर जाहिरातीचे फोन नको असतील तर १९०९ वर नोंद करा. १४० ने सुरू होणारे क्रमांक जाहिरातीचे, १६०० ने सुरू होणारे बँका-विमा कंपन्यांच्या कामाचे. साध्या दहा आकडी नंबरावरून कोणी बँकेच्या नावाने बोलत असेल, तर फोन ठेवून द्या.

प्रश्न : घरात फ्रीज घ्यायचे नुसते बोलणे झाले आणि मोबाइलवर फ्रीजच्या जाहिराती सुरू! फोन आपले बोलणे ऐकतो का?

हा प्रश्न सात रस्त्यापासून जुळे सोलापुरापर्यंत सगळीकडून आला आहे. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७ हजारांहून अधिक अँड्रॉइड अॅप तपासली. चोरून आवाज बाहेर पाठवणारे एकही सापडले नाही. काही अॅप मात्र पडद्यावर काय चालले आहे याचे चित्रण बाहेर धाडताना आढळली, आणि ती गोष्ट कमी गंभीर नाही.

फ्रीजची जाहिरात बहुधा तीनपैकी एका वाटेने येते. घरातल्या दुसऱ्या कोणी फ्रीजच्या किमती शोधल्या असतील. एकाच वाय-फायवरचे सगळे फोन बाहेरून एकाच पत्त्याचे दिसतात, त्यामुळे जाहिरात सगळ्यांना जाते. नाहीतर तुम्ही नवी पेठेतल्या एखाद्या दुकानात जाऊन आलात आणि लोकेशन चालू होते. तिसरी वाट नंबराची. दुकान आपल्या गिऱ्हाइकांची यादी जाहिरात कंपनीला देते आणि ती कंपनी आपल्याकडच्या खात्यांशी ताडून बघते.

ही यादी ‘सुरक्षित’ असल्याचे सांगतात, कारण नंबर जसाच्या तसा जात नाही. त्याचा हॅश, म्हणजे गणिताने काढलेली ६४ अक्षरी खूण जाते. पण एका नंबराची खूण नेहमी एकच येते, म्हणून तर ताडता येते. शिवाय आपले मोबाइल नंबर दहा आकडी आणि पहिला आकडा ६ ते ९ यांपैकी, म्हणजे शक्य नंबर ४०० कोटीच. एवढ्या सगळ्यांच्या खुणा आजचा साधा कॉम्प्युटरसुद्धा काढून ठेवू शकतो. तेव्हा हॅश म्हणजे दाराला कडी, कुलूप नव्हे.

करायचे काय? अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग गूगल, मग अॅड्स इथे जाऊन जाहिरात आयडी (जाहिरात कंपन्या फोन ओळखतात तो क्रमांक) डिलीट करा (काही फोनमध्ये हा पर्याय प्रायव्हसीखाली असतो). आयफोनमध्ये अॅपने ‘ट्रॅक’ करण्याची परवानगी मागितली की नकार द्या. लोकेशन ‘अॅप वापरताना फक्त’ एवढेच ठेवा. टॉर्च आणि कॅलेंडरच्या अॅपला संपर्क यादी लागत नाही. अँड्रॉइड १२ आणि त्यापुढे माइक चालू असेल तेव्हा वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते, आयफोनवर नारिंगी. बोलत नसताना ती दिसली, तर कोणत्या अॅपने माइक घेतला ते तिथेच कळते.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे २४ माग आहेत. एक कंपनी सेन्सर, बिग डेटा आणि एआय असे सगळे मिळून बसवून देते म्हणते. खर्च करावा का?

एआयचा खर्च थांबवा. सेन्सरचा आधी दोन मागांवर करून बघा.

मागाला प्रत्येक फेऱ्याला एक खूण देणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर (न शिवता जवळची वस्तू ओळखणारा) पुरतो. प्रकाशावर चालणारा घेऊ नका. टेरीच्या (टॉवेलच्या कापडाच्या) खात्यात रुईचा फुफाटा इतका असतो की काच झाकली जाते, माग चालू असून बंद दिसतो आणि आठवड्यात कोणाचा आकड्यांवर विश्वास राहत नाही. धातू ओळखणाऱ्या इंडक्टिव्ह सेन्सरला रुईचा त्रास होत नाही.

हिशेब असा. मिनिटाला १८० पिक (पिक म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी), बारा तासांची पाळी म्हणजे ७२० मिनिटे. माग अखंड चालला तर १,२९,६०० पिक. काउंटर ८४,००० दाखवत असेल, तर कार्यक्षमता ६५ टक्क्यांच्या जरा आत आणि सुमारे २५० मिनिटे माग उभा. ती मिनिटे कुठे गेली हा एकच प्रश्न महत्त्वाचा. मागाजवळ कारणांची बटणे ठेवा : पाइलचा (टॉवेलच्या फुग्यांचा) ताणा म्हणजे उभा धागा तुटला, ग्राउंडचा (खालच्या कापडाचा) ताणा तुटला, बाणा म्हणजे आडवा धागा तुटला, भीम (ताण्याचा रूळ) बदल, वीज, सूत नाही. सातवे बटण ‘इतर’ ठेवलेत, तर महिन्याभरात निम्मी कारणे ‘इतर’च निघतील, कारण ते दाबायला डोके लावावे लागत नाही. ठेवायचेच असेल तर ते दाबल्यावर मुकादमाला बोलवावे लागेल अशी सोय करा.

सोलापुरात आणखी एक रकाना हवाच, तो म्हणजे खात्यातली आर्द्रता. सुती धाग्याला विणकामात ७५ ते ८० टक्के आर्द्रता मानवते. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात पत्र्याखाली ती किती उतरते ते सांगायला नको, आणि धागा कोरडा पडला की तुटतो. दर लाख पिकमागे किती तुटी, हे दर तासाच्या आर्द्रतेशेजारी मांडा. तुटी दुपारी दोन ते पाच वाढून रात्री उतरत असतील तर दोष हवेचा, पाणी फवारणारी यंत्रणा बघा. दिवसरात्र सारख्याच असतील तर सुताचा किंवा खळीचा. ठरावीक एक-दोन मागांवरच असतील तर त्या मागांचा. एवढे निदान साध्या तक्त्यातून होते.

सगळ्या यंत्रांची घड्याळे एकसारखी लावा. एका मागाचे घड्याळ वीज गेल्यावर मागे पडले की तुटीची वेळ आणि आर्द्रतेची वेळ जुळत नाही, आणि मग वरचा सगळा खटाटोप वाया.

शेवटची बाब कारागिरांची. मजुरी पिकवर आहे. ही यंत्रणा मजुरी कापायला आणली असा समज झाला, तर बटणे हवी तशीच दाबली जातील. पहिले तीन महिने या आकड्यांचा मजुरीशी संबंध नाही, हे आधी सांगा आणि पाळा.

प्रश्न : कांद्याचा उद्याचा भाव सांगणारी अॅप आली आहेत. सोलापूर बाजार समितीत माल नेण्याआधी त्यावर विसंबावे का? — कांदा उत्पादक, बार्शी तालुका

आधी आजचा भाव नीट वाचू. बाजार समितीच्या तक्त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. समजा १,००० क्विंटल आवक झाली : १० क्विंटल निवडक माल ३,००० ने, ६०० क्विंटल १,४०० ने आणि ३९० क्विंटल ७०० ने. कमाल दर ३,०००, तोच मोबाइलवर फिरतो. सर्वसाधारण, म्हणजे सर्वांत जास्त माल ज्या दराने गेला तो, १,४००. आणि एकूण पैसे भागिले एकूण माल केले तर सरासरी १,१४३. अॅप या चारांपैकी कोणता आकडा ‘भाव’ म्हणून दाखवते, हे आधी विचारा. बरीच निराशा इथेच जन्मते.

अंदाज बांधायला ही अॅप मागचे दर, आवक, पाऊस आणि उपग्रहाची चित्रे वापरतात. सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी त्याच शिवारावरून जातात आणि दहा मीटरचा तुकडाही वेगळा दाखवतात. पण खरीप कांद्याची लागण असते तेव्हा आभाळ भरलेले असते आणि ढगांखालचे त्यांना दिसत नाही. ढगाआडचे बघणारी रडारची चित्रे असतात, मात्र त्यांतून कांदा आणि शेजारचे पीक वेगळे काढणे कठीण जाते.

सरकारी निर्णय तर कोणत्याच आकड्यांत आधी दिसत नाहीत. ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे २०२४ मध्ये ४० टक्के शुल्कासह उघडली, सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण निघाले. आदल्या दिवशीपर्यंतच्या दरांवर शिकलेल्या अॅपला यातले एकही पाऊल ओळखता येणे शक्य नव्हते. शिवाय अंदाज सगळ्यांनी एकदम मानला आणि ‘सोमवारी भाव चढणार’ म्हणून सगळ्या गाड्या सोमवारीच सोलापुरात उतरल्या, तर तोच अंदाज आवक वाढवून भाव पाडतो.

अॅप तपासायची एक रीत आहे. महिनाभर रोज त्याचा अंदाज लिहून ठेवा आणि शेजारी दुसरा अंदाज लिहा : ‘उद्याचा सर्वसाधारण दर आजच्याइतकाच.’ दुसऱ्या दिवशी दोन्हींची चूक रुपयांत मांडा. महिन्याच्या शेवटी अॅपची सरासरी चूक या बिनडोक अंदाजापेक्षा स्पष्ट कमी नसेल, तर अॅपचे पैसे भरू नका. एकच आकडा देणाऱ्यापेक्षा ‘१,१०० ते १,५०० च्या दरम्यान’ असा पट्टा देणारे अॅप जास्त प्रामाणिक. आणि स्वतःच्या हिशोबपट्ट्या फेकू नका. प्रतवारी, वजन, हमाली, तोलाई आणि गाडीभाडे वजा जाता हातात पडलेला दर तुमच्या शेताचा खरा डेटा आहे. तो कोणत्याही अॅपकडे नाही.

प्रश्न : मी गणवेश शिवण्याचे छोटे युनिट चालवते. पतसंस्थेचा एकही हप्ता चुकवलेला नाही. तरी एका कर्जाच्या अॅपने दोन मिनिटांत नकार दिला. त्यांना माझ्याबद्दल काय कळले?

ताई, बहुधा काहीच कळले नाही, आणि नकाराचे कारणही तेच असावे. क्रेडिट ब्युरोचा (कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा) स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, पण तो कळवलेल्या कर्जांवरच बनतो. सगळ्याच पतसंस्थांची परतफेड ब्युरोत जातेच असे नाही. तुमच्या पतसंस्थेत तसे विचारा. शाळांकडून येणारे पैसे यजमानांच्या खात्यात जमा होत असतील, तर तुमच्या खात्याकडे बघणाऱ्याला धंदाच दिसणार नाही. युनिटच्या नावाचे चालू खाते आणि त्याचाच क्यूआर, एवढा बदल सहा-आठ महिन्यांत चित्र पालटतो.

देशात चार ब्युरो आहेत : सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकाकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही मागवा. बचत गटाचे जुने कर्ज किंवा कोणाला दिलेली जामीनकी त्यात ‘थकीत’ दिसते का ते बघा. चूक असेल तर ऑनलाइन तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम रिझर्व्ह बँकेने केला आहे. आपला अहवाल आपण पाहिल्याने स्कोअर उतरत नाही. नकार आला म्हणून त्याच संध्याकाळी आणखी पाच अॅपवर अर्ज करणे मात्र महागात पडते. प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते आणि पुढच्या अॅपला तुम्ही अडचणीत आहात असे दिसते.

पुढच्या वेळी बँक खात्याचा तपशील मागितला, तर पासवर्ड किंवा पीडीएफ देण्यापेक्षा अकाउंट अॅग्रीगेटरची वाट घ्या. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारी ही मधली संस्था माहिती एका बँकेकडून दुसरीकडे पोचवते, स्वतः वाचू शकत नाही. ‘हो’ म्हणण्याआधी पडद्यावरच्या चार गोष्टी वाचा : कोणते खाते, कोणत्या काळाचे व्यवहार, माहिती एकदाच घेणार की पुन्हा पुन्हा, आणि किती दिवस ठेवणार. एका कर्जाच्या निर्णयाला एकदाच घेतलेली माहिती पुरते. ‘दररोज’ किंवा ‘पाच वर्षे’ असे दिसले तर कारण विचारा. कर्ज नाकारले गेले, तर अकाउंट अॅग्रीगेटरच्या अॅपमध्ये जाऊन संमती रद्द करा. आणि कर्जाचे अॅप फोनमधली संपर्क यादी, फोटो किंवा कॉलची नोंद मागत असेल तर पुढे जाऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार ती मागायला मनाई आहे.